दिनकररावांचा नवा मीटर

दिनकरराव शेलार समोरच्या माणसाच्या कानाकडे बघून बोलायचे. गाझियाबादला वैशालीत त्यांची सोसायटी. तिथे यावरून बरंच बोललं जायचं. बायको गेल्यापासून माणूस विचित्र झालाय, असं काहीजण म्हणायचे. मोठी गाडी घेतल्यापासून मान वाकडी झालीय, असंही काहीजण म्हणायचे.

खरं कारण साधं होतं. ज्याच्याकडे बघावं ते त्यांना दिसायचं नाही. नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग येऊन बसला होता. चेहऱ्याकडे बघितलं की चेहराच नाहीसा व्हायचा. कानाकडे बघितलं की गाल, नाकाची कड, ओठांची हालचाल, असं थोडंफार हाती लागायचं.

हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक डोळ्यांचे डॉक्टर आणि दुसऱ्या कौशल्याबाई, दिनकररावांच्या पत्नी. त्या आता नव्हत्या.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. झिजलेलं परत येणार नाही. कडेचं दिसत राहील. गाडी चालवणं मात्र आजपासून बंद. दिनकररावांनी मान डोलावली. दवाखान्यातून बाहेर आले, गाडीत बसले आणि चालवत घरी आले. कौशल्याबाई शेजारी होत्या.

"पुढे ई-रिक्षा आहे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लाल झाला हो." आणि मग, "डावीकडून बस घुसतेय मेली."

गाडीत बडबड करायची त्यांची सवय जुनीच. त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मुलीलासुद्धा नाही.

दिनकररावांना गाडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. कोरेगावहून दिल्लीला आले ते एका केंद्रीय खात्यात ड्रायव्हर म्हणून. पुढची सगळी नोकरी पांढऱ्या सरकारी गाडीत गेली. मागे साहेब असायचे. साहेबांना झोप लागली की दिनकररावांना बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. ब्रेक कधी लागला हे मागच्याला कळता कामा नये, एवढाच त्यांचा नियम होता.

निवृत्त झाले आणि त्यांनी एका दूतावासाच्या लिलावातून ही गाडी घेतली. काळी, लांबलचक, जर्मन. दिल्लीत अशा गाड्या वय झालं की मातीमोलाने जातात. म्हणून जमलं. घरी आणली तेव्हा कौशल्याबाई मागचं दार उघडायला निघाल्या होत्या.

"पुढे बस," दिनकरराव म्हणाले. "मागे साहेब बसतात."

"मग मी कोण?"

"तू पुढे बस गं."

त्या पुढे बसल्या आणि कायमच पुढे बसल्या. आधी हौस म्हणून. नंतर डोळे म्हणून.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्या गेल्या. पहाटे छातीत दुखलं आणि उजाडेपर्यंत सगळं संपलं. मुलगी, स्वरूपा, तेव्हा बेंगळुरूला होती. दिल्लीवर धुकं दाटलेलं. विमान जयपूरला उतरवलं. ती टॅक्सीने पोचली तेव्हा दिनकरराव हिंडन नदीच्या घाटावर अग्नी देऊन परतले होते. ती दारात उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे बघितलं. मुलीच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग होता. त्यांनी नजर बाजूला वळवली, ती दिसावी म्हणून.

स्वरूपाला एवढंच दिसलं, की बाबांनी नजर वळवली.

ती बेंगळुरू सोडून दिल्लीला आली, ती त्यांच्यासाठीच. गुडगावच्या एका कंपनीत लागली. गाड्यांच्या आत जे छोटे कॉम्प्युटर असतात त्यांचे प्रोग्रॅम लिहायचं काम. पण घरी राहिली काही महिनेच. मग दक्षिण दिल्लीत, मुनिरकाला खोली घेतली. ऑफिस जवळ पडतं, म्हणाली. दिनकरराव बरं म्हणाले. त्यांना माहीत होतं की कारण ते नाही. काय आहे तेही माहीत होतं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य बोललं की गाडी गेली. आणि गाडी गेली की आपण नेमके कोण उरतो, हे त्यांना सांगता आलं नसतं.

गाडी ते थोडीच चालवायचे. सकाळी, उजेडात, ओळखीच्या रस्त्याने भाजीबाजारापर्यंत. कौशल्याबाई नव्हत्या, पण दोन आधार शिल्लक होते. मीटरवरचे आकडे त्यांच्यापुरते पुसले गेले होते, पण काटा कळायचा. जरा बाजूला बघितलं की काटा डावीकडे झोपलाय की उभा राहायला लागलाय, तेवढं समजायचं. दुसरा आधार इंजिनाचा आवाज. थंड असताना ते किंचित थरथरायचं. वेग वाढला की डॅशबोर्डात कुठेतरी बारीक कुरकुर सुरू व्हायची. कुरकुर ऐकू आली की ते पाय सैल करायचे.

पेट्रोलचा दिवा मात्र आवाज करत नाही. पावसाळा सरताना एक दिवस गाडी उड्डाणपुलावर चढता चढता बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ. कुणीतरी दिनकररावांच्या फोनवरून शेवटचा नंबर लावला. तो स्वरूपाचा निघाला. ती ऑफिस टाकून कॅन घेऊन आली.

"पेट्रोल संपलं? तुमचं? बाबा, दिवा लागला असेल ना!"

"मीटर अंधूक झालाय," दिनकरराव म्हणाले. तोंडाला आलं ते बोलून गेले.

ती आत वाकली. किल्ली फिरवून बघितलं.

"खरंच की हो. मधली अर्धी अक्षरं गायबच आहेत. या मॉडेलचं हे जुनं दुखणं. कधीपासून चालवताय असं? सांगायचं ना यार."

दिनकररावांनी थाप मारली होती आणि ती खरी निघाली होती.

"रविवारी येते," ती म्हणाली. "बघते काय करता येतं."

दिवाळीशिवाय घरी न येणारी मुलगी रविवारी आली. पुढच्याही रविवारी आली. खाली पार्किंगमध्ये, खांबाशेजारी, डॅशबोर्ड उघडून बसायची. दिनकरराव चहाचा थर्मास घेऊन शेजारी. कधी ती दुरुस्त करायची, कधी नुसतीच लॅपटॉप जोडून गाडीशी बोलत असल्यासारखी बघत राहायची.

"टॉर्च इकडे धरा. बाबा, इकडे! माझ्या डोळ्यात काय मारताय?"

"हलतोय हात."

"ड्रायव्हरचा हात हलतो होय?"

ती हसली. तिचं हसणं त्यांनी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. टॉर्च त्यांनी मुद्दाम आणखी हलवला.

तळमजल्यावरचे त्यागीजी लोकरीची टोपी घालून चक्कर मारायला निघायचे आणि इथेच थांबायचे.

"बेटा, इतनी मेहनत में तो नई आ जाती."

"नई में पापा को नींद आ जाएगी, अंकल."

"शेलार साहब, बिटिया आपकी गाड़ी का पोस्टमार्टम कर रही है कि इलाज?"

"जो भी करे," दिनकरराव म्हणाले, "घर आकर कर रही है."

एका रविवारी स्वरूपाने निर्णय सांगितला. जुना मीटर दुरुस्त करून फार टिकणार नाही. पूर्ण स्क्रीनचा नवा मीटर मिळतो, त्याच खाचेत बसतो. तो मागवायचा. आणि इंजिनाचं थरथरणं म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचं आजारपण आहे. तोही बदलायचा, सेन्सर बदलायचे, सगळं नव्याने जुळवायचं. मीटर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर यांनी एकमेकांना ओळखलं नाही तर गाडी सुरूच होत नाही, म्हणून दोन्ही एकदमच करू.

"संक्रांतीपर्यंत होईल," ती म्हणाली. "मग आपण पानिपतला जाऊ. आई असताना जायचो तसं."

दरवर्षी संक्रांतीला दिल्लीकडची मराठी माणसं पानिपतला जमतात. त्या मैदानात पडलेल्यांना हात जोडायला. कौशल्याबाई तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन बसायच्या. त्या गेल्यावर दिनकरराव गेले नव्हते.

"जाऊ," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण काटा राहू दे की. जुना मीटर काय वाईट आहे?"

"काटा? बाबा, तो वाचायला किती डोळे ताणता तुम्ही, मी बघते ना. मान वाकडी करकरून. मी आकडा ठेवणार आहे. एकच, मोठा, भर मधे."

भर मधे. दिनकररावांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

त्या वेळी सांगता आलं असतं. त्याआधीही एकदा सांगता आलं असतं. दिवाळीच्या सुमारास. तिने अचानक हातातलं काम थांबवून विचारलं होतं.

"बाबा, माझ्याकडे बघून बोला ना कधीतरी."

"बघतोय की."

"नाही बघत. आई गेली त्या दिवसापासून नाही बघत." तिचा आवाज खाली गेला. "मी वेळेत आले नाही म्हणून ना?"

पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होऊन बाहेर गेली.

"तो बारका स्क्रू कुठे ठेवलास?" दिनकररावांनी विचारलं. "हरवेल."

तिने स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला. त्या दिवशी ती चहा न घेता गेली. तरी पुढच्या रविवारी आली.

आणखी एक गोष्ट दिवाळीतच सुरू झाली होती. पार्किंगचा खांब डाव्या डोळ्याला वाकडा दिसायला लागला. सरळ काँक्रीटचा खांब, मधे पोट सुटल्यासारखा. फरशीची रेघ पाण्यात पडल्यासारखी हलायची. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं. सरळ रेषा वाकडी दिसली तर त्याच दिवशी या, उद्यावर टाकू नका. दिनकररावांना ते वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. पण डॉक्टरकडे जायचं तर कुणाला तरी सोबत न्यावं लागणार. सोबत म्हणजे स्वरूपा. मग तिला सगळं कळणार. मग ती गाडी झाकून टाकणार, पाने-पकडी आवरणार आणि रविवारी यायचं कारणच संपणार.

संक्रांत होऊ दे, त्यांनी ठरवलं. पानिपतला जाऊन येऊ. मग सांगू.

इंजिनाचं काम आधी झालं. स्वरूपाने किल्ली फिरवली. दिनकरराव वाट बघत राहिले.

"कर की सुरू," ते म्हणाले.

"सुरूच आहे, बाबा!"

ती टाळ्या वाजवत होती. दिनकररावांनी बॉनेटवर हात ठेवला. खरंच सुरू होती. थरथर नाही, कुरकुर नाही, काही नाही. त्यागीजी म्हणाले, "वाह! सोते बच्चे जैसी." दिनकररावांनीही वाह म्हटलं. त्यांच्या पायांखालून फळी काढून घेतल्यासारखं झालं होतं. पण मुलीने किती कष्ट घेतले होते, ते त्यांनी रविवारमागून रविवार ऐकलं होतं. दिसलं नसलं तरी.

नवा मीटर तिने त्यांना न दाखवता बसवला. वरून कापड टाकून ठेवलं.

संक्रांतीच्या सकाळी धुकं इतकं होतं की सोसायटीचं फाटकही दिसत नव्हतं. स्वरूपा आदल्या दिवशीच राहायला आली होती. तिळगूळ तिने केला होता. जरा कडक झाला होता. डबा तिने स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पुढे बसली, आई बसायची तिथे. त्यागीजी खिडकीशी आले.

"इस कोहरे में जाओगे? कुछ दिखेगा?"

"कोहरे में सब बराबर हैं, त्यागीजी," दिनकरराव म्हणाले.

त्यागीजी हसत हसत गेले. दिनकररावांना खरोखरच धीर आला होता. आज सगळेच हळू जाणार. आज सगळेच अंदाजाने चालवणार. आणि शेजारी स्वरूपा होती. आईसारखीच बडबडी.

"थांबा," ती म्हणाली. तिने कापड काढलं. "हं. आता किल्ली फिरवा. आणि नीट बघा हं बाबा."

त्यांनी किल्ली फिरवली. स्टिअरिंगच्या मागे उजेडाचा चौकोन उमटला. मधे राखाडी, कडेने उजळ, जरासा हिरवट. ती श्वास रोखून बसली होती. ते त्यांना ऐकू येत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं, लगेच, मनापासून.

"वा!" दिनकरराव म्हणाले. "आकडे काय ठसठशीत आलेत. लांबून वाचता येतील."

स्वरूपाच्या मांडीवरचा डबा खडखडला.

"झकास काम केलंस. आता कसली चूक नाही व्हायची."

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आकडे अजून आलेच नव्हते."

"म्हणजे?"

"आत्ता आलेत. तुम्ही बोललात तेव्हा आकडे नव्हते. काय होतं?"

दिनकररावांनी घाई केली. "हां, ते. कंपनीचं चिन्ह होतं ना."

"आईचा फोटो होता."

गाडी चालू होती आणि तिचा काही आवाज येत नव्हता.

"सुरू करताना थोडा वेळ फोटो येईल असं करून घेतलं मी. आईचा. पोपटी साडीतला, अर्धवट हसतेय तो." ती थांबली. "माझ्याकडे बघा, बाबा."

त्यांनी तिच्या कानाकडे बघितलं. आता तिला चुकवण्यात अर्थ नव्हता.

"असं बघितलं की दिसतेस," ते म्हणाले. "सगळी नाही. थोडी. नुसतं समोर बघितलं की मधे कुणीच नसतं."

"कधीपासून?"

"तुझी आई होती तेव्हापासून."

"आईला माहीत होतं?"

"तीच तर सांगायची. सिग्नल, गाड्या, माणसं."

स्वरूपाने डबा पायाशी ठेवला. दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. मग एकदम उसळून म्हणाली, "आणि आज तुम्ही मला पानिपतला नेणार होतात? हायवेवर? या धुक्यात?"

"तू शेजारी होतीस."

"मी काय सांगणार होते? मला कुठे काय माहीत होतं!"

दिनकरराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. अशा वेळी गाडी बाजूला घ्यायची असते. पण ती उभीच होती.

"दारात उभी होते मी," थोड्या वेळाने ती म्हणाली. "त्या दिवशी. तुम्ही मान फिरवलीत."

"तुला बघायला फिरवली."

तिने हात पुढे करून किल्ली बंद केली. परत फिरवली. "कडेने बघा," ती म्हणाली. "माझ्याकडे बघता तसं." दिनकररावांनी आरशाच्या दिशेने मान वळवली. हिरवट तुकडा आला, काहीतरी पांढरं चमकलं, कदाचित दात, आणि गेलं. आकडे आले असावेत. तिने परत बंद केली, परत लावली. "दिसली?" "साडी दिसली." परत. "आता?" "साडीच." ती करतच राहिली. शेवटी दिनकररावांनीच तिचा हात धरला.

"पुरे. बॅटरी उतरेल."

किल्ली तिने आपल्या पर्समध्ये टाकली. पानिपतला ते गेले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना टॅक्सीने डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. जुने डॉक्टर तिथे राहिले नव्हते. नवी डॉक्टर तरुण होती आणि हिंदीत बोलत होती. बराच वेळ तिने दोन्ही डोळे तपासले, फोटो काढले. उजवा डोळा होता तसाच होता. डाव्यापाशी ती थांबली.

"लाइनें टेढ़ी कब से दिख रही हैं, अंकल?"

"दिवाली से," दिनकरराव म्हणाले. आता खोटं बोलायची गरज राहिली नव्हती.

डॉक्टरने फोटो पुन्हा एकदा बघितले. मग तिने स्वरूपाला समजावून सांगितलं. पडद्यामागे रक्त पाझरतं. सुरुवातीला आलं तर इंजेक्शनं देऊन थांबवता येतं, बऱ्याचदा नजर वाचते. आता तिथे व्रण झालाय. इंजेक्शन देऊ, पण गेलेलं आणता येणार नाही.

दोघं बाहेर बाकावर येऊन बसले. बाहुल्या मोठ्या करायला घातलेल्या थेंबांमुळे दिनकररावांना सगळीकडे नुसता पांढरा उजेड दिसत होता. स्वरूपा बराच वेळ कागदांची घडी घालत होती आणि उलगडत होती. आवाजावरून कळत होतं.

"दिवाळीपासून," ती म्हणाली. "मी तो मीटर मागवलासुद्धा नव्हता तेव्हा. मी दर रविवारी तुमच्याशी... बाबा, तुमचा डोळा जात होता आणि मी तिथे बसून स्क्रीनचा रंग निवडत होते. एकदा सांगायचंत. का नाही सांगितलंत?"

दिनकररावांनी उत्तर शोधलं नाही. ते दिवाळीपासून तयारच होतं.

"तू येत होतीस," ते म्हणाले.

शेजारून कागदांचा आवाज थांबला. दिनकररावांनी तिच्या कानाकडे मान वळवली. उजेडच उजेड होता. तिथेही ती सापडेना. ते थोडं इकडे वळले, थोडं तिकडे.

"रडतेयस का गं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"नाही, बाबा," स्वरूपा म्हणाली.